सकाळचं पहिलं पाणी

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या शेजारच्या घरात एक जपानी जोडपं राहतं. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, काही वर्षांसाठी इकडे पाठवलेला. ती घरी असते. मीही घरी असते. दोघींचे व्हिसा नवऱ्यांच्या व्हिसाला जोडलेले आहेत आणि त्यावर नोकरी करता येत नाही. आमची ओळख इथल्या ग्रंथालयात, इंग्रजी संभाषणाच्या मोफत वर्गात झाली. मला इंग्रजी येत होतं, पण घराबाहेर पडायला कारण हवं होतं. तिला दोन्ही हवं होतं.

त्याआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होते. आलेली बातमी तपासायची, लांबलेली कापायची, शंका आली तर वार्ताहराला फोन लावायचा. ओहायोत आल्यावर तपासण्यासारखं काही उरलं नाही. मी बघत राहायला लागले.

तिच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिची यंत्रं स्वयंपाकघरात नव्हती, जेवणाच्या टेबलापाशी होती. आपल्याकडे मिक्सर कोपऱ्यात झाकून ठेवतात. काढतात, घरघर करतात, पुसून परत झाकतात. टेबलावर येतं ते फक्त अन्न. तिच्या टेबलाशेजारी कमी उंचीच्या मांडणीवर भाताचा कुकर होता. टेबलाच्या कडेला पांढरं, कळशीच्या आकाराचं पाण्याचं भांडं होतं. त्यात दिवसभर पाणी गरम राहतं आणि वरचं बटण दाबलं की खाली कपात पडतं. मधोमध सपाट, काळी हॉटप्लेट. भात झाला की कुकर एक छोटी धून वाजवायचा. ती ऐकली की तिचा नवरा लॅपटॉप मिटून येऊन बसायचा. त्या घरात ‘जेवायला चला’ असं कोणी कोणाला म्हणत नव्हतं.

हे सगळं तिला सांगितलं तर ती म्हणाली, “मला ऐकूच येत नाही आता ती धून.” मग म्हणाली, “नाही वाजली तर ऐकू येईल.”

त्या उन्हाळ्यात अमरावतीला माझी आई गेली. मी गेले, दिवस झाले आणि परतताना बाबांना बरोबर घेऊन आले. मी एकुलती एक. दुसरा काही विचार झाला नाही, कोणी विचारलंही नाही.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंता. आमच्या घरी आल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात तळघरातला विजेचा बोर्ड उघडून पाहिला, कुठला खटका कुठल्या खोलीचा ते चिठ्ठ्या लावून लिहिलं आणि मग त्यांचं काम संपलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. कचऱ्याची गाडी येऊन गेली की मला सांगायचे. दुपारी तळ्यापर्यंत फिरून यायचे. तळ्यावर बदकांसारखे मोठे करडे पक्षी असतात, ते फुटपाथ अडवून उभे राहतात. बाबा त्यांच्यासाठी थांबायचे. घाई कोणालाच नव्हती.

आईबद्दल आम्ही बोलत नव्हतो. ठरवून नाही. विषय निघत नव्हता. मी भाजी चिरायचे, ते पेपर मोबाईलवर वाचायचे, नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असायचा. संध्याकाळी तिघं जेवायचो. अन्नाला चव होती असं मी म्हणू शकत नाही, नव्हती असंही नाही.

मग ते म्हणायला लागले, “लेकीच्या घरी किती दिवस राहाचं?”

“बाबा, असं काय म्हणता यार, तुमचंच घर आहे,” नवरा एकदा म्हणाला.

“यार काय, जावईबापू?”

नवरा ओशाळला. ऑफिसात दिवसभर तोंडात तोच शब्द असतो. बाबा मात्र त्या दिवशी, इथे आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, हसले. पण मुद्दा सोडला नाही. त्यांना परत जायचं होतं. घर बंद पडलं होतं, कुंड्या वाळल्या असतील, कामाच्या मावशींना दुसरीकडे काम धरावं लागेल. ही सगळी कारणं खरी होती. माझं कारण एकच होतं. ते एकटे राहिले आणि एखाद्या सकाळी उठले नाहीत, तर मला ते कधी कळेल? संध्याकाळी? दुसऱ्या दिवशी? हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर आहे तुझं,” आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघायला लागले. आठवड्यानं विषय परत तिथेच आला.

शेजारणीनं बाबांना जेवायला बोलावलं तेव्हा हे असं चाललेलं होतं.

बाबा अंडं खातात, मासे खात नाहीत, हे मी आधी सांगितलं होतं. तिनं माशाचे वर भुरभुरायचे पातळ पापुद्रे वेगळ्या वाटीत काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, नवऱ्यासमोर ठेवले होते. बारीक चिरलेला कोबी, पीठ, अंडी एका भांड्यात. ज्यानं त्यानं डावभर घ्यायचं, तापलेल्या प्लेटवर ओतायचं आणि आपापलं उलटायचं.

“हे तर धिरडं आहे,” बाबा म्हणाले.

“काय म्हणाले ओतोसान?” तिनं विचारलं. वडिलांना त्यांच्याकडे तसं म्हणतात आणि तिनं बाबांसाठीही तोच शब्द धरला होता.

“म्हणाले, आमच्याकडेही असतं असं.”

बाबा तोपर्यंत टेबलाखाली वाकले होते. हॉटप्लेटची वायर एका जड चौकोनी डब्यात गेली होती. जपानची वीज शंभर व्होल्टची, इथली एकशेवीसची, म्हणून तिकडून आणलेल्या वस्तूंना मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. आमच्या ओट्याखालीही एक आहे, उलटं काम करणारा, कारण आमचा मिक्सर दोनशे तीसचा. बाबा आणि तिचा नवरा यावर बराच वेळ बोलले. दोघांचं इंग्रजी बेताचं, पण आकडे सारखेच होते. वायरला पाय अडकला तर ती आपोआप सुटते, तिथे खटक्याऐवजी चुंबक आहे, हे त्यानं दोनदा ओढून दाखवलं. बाबांनी स्वतः एकदा ओढून पाहिलं.

“दोन देशांची माणसं तिसऱ्या देशात एका टेबलावर जेवायची म्हटली तर मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतेच,” ते मला म्हणाले. “सांग त्याले.”

मी सांगितलं. तो हसला, बहुतेक सौजन्यानं.

बाबांनी आपलं धिरडं उलटलं. ते मोडलं. ते तसंच जुळवून ठेवलं. मग ते टेबलाभोवती एकेकाकडे बघायला लागले. त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

“उभं कोणीच नाही,” ते म्हणाले.

आई शेवटपर्यंत ओट्यापाशी उभी राहून पोळी लाटायची, गरम गरम ताटात टाकायची आणि सगळ्यांचं झाल्यावर निवलेली खायची. शेजारणीनं परत विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, छान झालंय म्हणाले.

तेवढ्यात तिच्या फोनवर टिंग झालं. तिनं पाहिलं, म्हणाली, “आई उठली,” आणि नवऱ्यासमोरचं धिरडं उलटलं.

तिची आई जपानमध्ये समुद्रकाठच्या एका छोट्या गावात एकटी राहते. आमची संध्याकाळ तिची सकाळ. तिच्या टेबलावर असंच पांढरं भांडं आहे, फक्त त्यात एक जास्तीची सोय आहे. सकाळी चहासाठी तिनं पहिलं पाणी काढलं की इकडे लेकीच्या फोनवर निरोप येतो. कॅमेरा नाही, आवाज नाही. पाणी काढलं, एवढंच.

“कशी आहे ते कळत नाही,” ती म्हणाली. “आहे, एवढं कळतं.”

हे मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवला. “तिले विचार, पाणी नाही काढलं तर?”

“मग मी फोन करते. नाही उचलला तर शेजाऱ्यांना करते.”

“असं झालं कधी?”

“एकदा. मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली होती. तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, मीच विसरले. आई खूप रागावली. सांगून गेले होते तरी शेजाऱ्यांना त्रास दिलास, म्हणाली.”

परत येताना दोन घरांमधल्या गवतावर बाबा थांबले. “मले ते पाहिजे,” म्हणाले.

“हॉटप्लेट?”

“ते भांडं. मंग मी जाऊ शकतो.”

ते भांडं मिळणार नव्हतं. त्याचा निरोप फक्त जपानच्या नेटवर्कवर चालतो आणि वर ते शंभर व्होल्टचं. पण बाबांना एकदा काय हवं ते कळलं होतं. नवऱ्यानं त्यांना वायफायवर चालणारा प्लग दाखवला. त्यात लावलेलं यंत्र वीज ओढायला लागलं की फोनवर सूचना येते. “बाबा, मी ऑर्डर करतो, डायरेक्ट अमरावतीला डिलिव्हर होईल. इलेक्ट्रिक किटली पण. रिटर्न तिकीट मात्र मी आत्ता कन्फर्म करत नाहीये, ते तुमच्या लेकीला विचारा.”

बाबांनी मला विचारलं नाही. ते रोज सकाळी उठून आमच्या किटलीत पाणी गरम करायला लागले. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी प्यायची त्यांची जुनी सवय. ते आई आणून द्यायची. आता ते स्वतः करत होते आणि मी खाली आले की रिकामा पेला माझ्या समोर ओट्यावर ठेवत होते. मी नवऱ्याला तिकीट कन्फर्म कर म्हटलं.

अमरावतीच्या घरात प्लग त्यांनी स्वतः बसवला. पहिला निरोप आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. स्क्रीनवर इंग्रजीत आलं, किटली सुरू. मी नवऱ्याला म्हटलं, बाबा उठले. तो बरं म्हणाला. शेजारीण ते जसं म्हणाली होती, तसंच आम्हीही म्हटलं.

त्यानंतर निरोप रोज आला. फोडणी आणि निरोप एकाच वेळी. काही दिवसांनी मी वाचायचं सोडलं, टिंग पुरेसं होतं. रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यात ते कुंड्या दाखवायचे, मी बाहेरचा बर्फ दाखवायचे. मला वाटतं त्या काळात मी आईबद्दल विचार करायचं थांबवलं. बाबांबद्दलही. ते काम प्लगकडे गेलं होतं.

थंडीत निरोप उशिरा यायला लागला. आमचं जेवण आटोपून भांडी डिशवॉशरमध्ये गेल्यावर यायचा. म्हणजे तिकडे चांगलं ऊन वर आल्यावर. मी मनाशी म्हटलं, थंडी आहे, उशिरा उठत असतील. डेस्कवर असताना एखाद्या वार्ताहराची बातमी अचानक रोज उशिरा यायला लागली असती, तर मी दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं. त्या रविवारी कॉल झाला नाही. “नेटवर्क नाही, आवाज तुटून राहिला,” असं बाबांनी लिहून पाठवलं. निरोप मात्र आला होता. मी ठीक आहे लिहिलं.

मग एका रात्री नात्यातल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या चुलतभावानं लिहिलं, “काकांचा खोकला आता कसा आहे? डिस्चार्जचे कागद नीट ठेवा.” मी वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती ओळ नाहीशी झाली. तिथे राहिलं, हा मेसेज डिलीट केला आहे.

मी त्याला फोन लावला. तो अमरावतीतच असतो.

“काही नाही गं ताई, तसं काही नाही.”

“काय तसं काही नाही?”

“निमोनिया होता. आता बरे आहेत. घरी आणलं.”

“कधी नेलं होतं?”

“ताई, काकांनी सांगितलं होतं तुले कळवू नको म्हणून. तिकडे एकटी काळजी करशील.”

“पण किटली रोज लागत होती.”

तो म्हणाला, “ते मावशींले सांगितलं होतं त्यांनी.”

तर असं होतं. दवाखान्यात जाताना बाबांनी कामाच्या मावशींना घराची किल्ली दिली आणि सांगितलं, रोज आल्या आल्या आधी किटली लावा, मग झाडू. मावशी ऊन वर आल्यावर येतात. त्यांनी रोज लावली. एक दिवसही चुकवलं नाही. आई असतानाही दुखणं आलं की हेच व्हायचं. ऑपरेशन होऊन टाके निघाल्यावर मला कळायचं. परदेशातल्या मुलांना आधी कळवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरी तो पाळतात आणि पाळल्याचं नंतर कौतुकानं सांगतात.

मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी उचलला. गळ्याशी मफलर, गाल आत गेलेले.

“फोडलं वाटते त्यानं,” ते म्हणाले.

“बाबा, का केलं असं?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतं तू?”

“आले असते.”

“तेच. व्हिसाचे कागद, तिकीट, जावईबापूची सुट्टी. निमोनियासाठी.”

“माणसं मरतात निमोनियानं.”

“मरतात ना. मंग कळलंच असतं तुले.”

मला राग यायला हवा होता. मी आत शोधला. सापडला नाही. मी म्हटलं, “मग मी तो प्लग काढून टाकते फोनमधून. त्याचा उपयोग काय?”

ते थोडा वेळ खोकले. मावशी मागे कुठेतरी भांडी लावत होत्या, त्याचा आवाज येत होता.

“काढू नको,” ते म्हणाले.

“का?”

“सकाळी जाग येते. उठावंसं वाटत नाही. मंग वाटते, तिकडे पाहून राहिली असेल. म्हणून उठतो.” मग लगेच म्हणाले, “नोकरीत हजेरी होती, तसंच ते. तू ठेव ते.”

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. डोकं जरासं झुकवलं. तिच्या आईनं असं काही केलं असतं, ही कल्पना तिला जमत नव्हती हे दिसत होतं. दवाखान्यात तपासणीला जायचं असलं तरी तिची आई आदल्या दिवशी फोन करून सांगते, उद्या पाणी नाही. न सांगणं म्हणजे त्रास देणं. माझ्या वडिलांच्या हिशेबानं सांगणं म्हणजे त्रास देणं. हे मी तिला समजावायचा प्रयत्न केला, पण आम्हा दोघींच्या इंग्रजीत ते नीट बसलं नाही.

तिनं फक्त एक विचारलं. “ती बाई रोज गरम केलेल्या पाण्याचं काय करायची?”

मी विचारलं नव्हतं. नंतर मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “तेलकट भांडी घासली त्याच्यानं. लई चांगली निघतात. वाया नाही घालवलं जी.”

बाबांना इकडे परत बोलवावं का, यावर मी आणि नवरा बोललो. तो म्हणाला, “त्यांना यायचं नसेल तर फोर्स नको करू.” मीही तेच म्हटलं असतं. त्यांना अमरावतीला राहायचं आहे, ते तिथेच राहतील. एखाद्या सकाळी ते उठले नाहीत तर मला कधी कळेल, या प्रश्नाला उत्तर नाही. प्लगनं ते दिलं नव्हतं. ते मिळालं असं मीच धरून चालले होते.

डेस्कवर एक नियम होता. एकाच सूत्राची बातमी पानावर जात नाही, दुसऱ्या बाजूनं खात्री करायची. आता किटली सुरू झाल्याचा निरोप आला की मी गॅस बारीक करते आणि लगेच व्हिडिओ कॉल लावते. भाजी कधी करपते. ते उचलतात. समोर आधी छत दिसतं, मग कपाळ.

“किटली कोणी लावली?” मी विचारते.

“मीच.”

“दाखवा.”

ते पेला कॅमेऱ्यासमोर धरतात. वाफेनं स्क्रीन धूसर होते आणि काही क्षण मला ते दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात.

“दिसलं?” ते विचारतात. “का आता आधार कार्ड दाखवू?”